चालेल नावाचा खेळाडू

माझा दादा फरशा वाजवतो. म्हणजे ते त्याचं कामच आहे. भट्टीतून निघालेली फरशी पट्ट्यावरून सरकत त्याच्यासमोर येते, तो तिला बोटाच्या पेराने टिचकी मारतो, कान जरासा तिरका करतो आणि निकाल देतो. आवाज खणखणीत, रंग एकसारखा, कडा सरळ असल्या की "एक". आवाज बरा, पण कुठे रंगाचा ठिपका, कुठे कोपरा किंचित उडालेला असला की "चालेल". आणि आवाज बद्द आला की समजायचं आत तडा आहे. मग "तुकडा". पट्ट्याच्या दोन्ही अंगांना उभी असलेली माणसं त्याच्या तोंडाकडे बघतात आणि त्याप्रमाणे फरशी उचलून त्या त्या ढिगात ठेवतात. तुकड्याच्या ढिगातली फरशी खरोखर फोडून टाकतात, म्हणजे कुणी चोरून विकायला नको.

एवढी वर्षं हे केल्यावर माणसाच्या जिभेला वळण लागणारच. दादाच्या घरात नवे पडदे आले, दादा म्हणाला, चालेल. मी कपडे दुरुस्तीचं दुकान काढलं, पहिल्या दिवशी त्याला हाताला धरून नेलं, नवं कोरं मशीन दाखवलं, पाटी दाखवली. दादा पाटीसमोर उभा राहिला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "चालेल." मी म्हटलं, "दुकान आहे दादा, बस नव्हे." त्याला कळलंच नाही. त्याच्या हिशेबी त्याने कौतुक केलं होतं. "एक" हा शब्द तो फक्त फरशीला देतो आणि तोही तिला मिळेलच असं नाही.

दादा वाईट नाही. वाईट असता तर सोपं होतं, मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. वहिनीची चप्पल तुटली तर सांगायच्या आधी चांभाराकडे नेणारा माणूस तो. ती आजारी पडली की रजा टाकून घरी बसतो, खिचडीसारखा काहीतरी गोळा शिजवतो आणि तिच्या उशाशी ठेवतो. पण तोंड उघडलं की चालेल.

आणि वहिनीला तो शब्द अगदी पहिल्या दिवसापासून मिळालेला. लग्न ठरायच्या वेळी आई, दादा आणि मी तिच्या मामांच्या घरी गेलो होतो. थोडं बोलणं झालं, चहा झाला, आम्ही उठलो. जिना अरुंद आणि आवाज घुमवणारा. दोन पायऱ्या उतरल्या नाहीत तोच आईने विचारलं, "कशी वाटली रे?" दादा म्हणाला, "चालेल." वरचं दार अजून लागलेलं नव्हतं. वहिनी दारातच होती. लग्नानंतर तिने हे मला हसत हसत सांगितलं, अगदी दादाची मान तिरकी करून दाखवली, आणि मग भांडी जरा जोरात आपटत घासली.

आता त्या खेळाचं सांगायला हवं. दादाचा गुडघा दुखावला आणि तो काही आठवडे घरी बसला, तेव्हा कारखान्यातल्या कुणीतरी त्याला हातात धरून खेळायचं एक यंत्र आणून दिलं. त्यात राक्षसांच्या झुंजी. राक्षस म्हणायचं, पण निम्मे तर गोगलगायी आणि पाखरंच. आपण आपले प्राणी पाळायचे, शिकवायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी लढवायचे. आई असती तर म्हणाली असती, घोडा झालास तरी पोरखेळ सुटेना. पण दादाला त्यात वेगळंच काहीतरी सापडलं. या खेळणाऱ्यांनी आपसांत प्राण्यांच्या पायऱ्या लावल्या होत्या. वरची पायरी, मधली पायरी, खालची पायरी, आणि ज्याला खालच्या पायरीवरही उभं राहता येत नाही तो उंबरठ्यावर. स्पर्धा पायरीप्रमाणे. खालच्या पायरीच्या स्पर्धेत मधल्या पायरीचा प्राणी आणायचा नाही, नाहीतर बाकीच्यांचा चुराडा. आणि कोण कुठल्या पायरीवर बसणार हे ठरवायला पंच.

म्हणजे पुन्हा एक, चालेल, तुकडा! दादाला तर घर सापडल्यासारखं झालं. गुडघा बरा झाला, पण खेळ राहिला. दोन-तीन वर्षांत तो पंचांमध्ये जाऊन बसला. तिथे सगळे त्याला फरशीकाका म्हणत. त्याच्या निम्म्या वयाची पोरं "काका, याला कुठे बसवायचा?" असं विचारत आणि दादा निकाल लिही. लोक मान डोलावत. घरी कोण त्याच्यापुढे मान डोलावणार होतं? मी तर नाहीच.

पुढे दादाने नवं यंत्र घेतलं. जुन्याच्या काचेला कोपऱ्यात तडा गेला होता. "तुकडा आहे, टाकून दे," असं वहिनीला सांगून तो कामावर गेला. वहिनीने ते टाकलं नाही.

वहिनी सकाळी बेकरीच्या गल्ल्यावर बसते. दुपारी सुटली की घरी जायच्या आधी माझ्या दुकानात टेकते, मी पँटींच्या कडा उसवत असते आणि ती गप्पा मारते. एके दिवशी तिने पिशवीतून ते यंत्र काढलं. "बघू तरी, यात एवढं काय आहे ते." सुरुवातीला तिचा प्राणी सारखा आपटायचा आणि आम्ही दोघी हसायचो. मग ती हसेनाशी झाली. मग ती बोलेनाशीही झाली. मी पाच गोष्टी विचाराव्यात आणि तिने "हं" म्हणावं. मला वाटलं, हे घ्या, घरात एक होता, आता दोन झाले.

इतरांशी खेळायचं तर नाव घ्यावं लागतं. तिने थोडा विचार केला आणि टाइप केलं: चालेल. मला इतकं हसू आलं की सुई बोटात गेली.

"आता घरी जाऊन सांग त्याला," मी म्हटलं.

"मुळीच नाही." वहिनी यंत्रावरून नजर न काढता म्हणाली. "तू पण सांगायचं नाहीस. मला एकदा त्यांच्या तोंडून 'एक' ऐकायचंय. मी आहे हे माहीत नसताना. माहीत असल्यावर काय, बायकोला बरं वाटावं म्हणून कुणीही म्हणेल."

"दादा म्हणेल? बायकोला बरं वाटावं म्हणून?"

"ते पण खरंच," ती म्हणाली, आणि आम्ही परत हसलो. पण तिला ते हवं होतं. खेळातली ढाल नको, बक्षीस नको, एवढा एक शब्द हवा होता. मला तिची दया आली आणि जरा रागही आला, की बाई, माझ्या भावाच्या एका शब्दासाठी एवढा खटाटोप?

तिने निवडला शंखोबा. पाठीवर दगडी शंख, चाल मुंगीची, खालच्या पायरीवरचा अगदी दुर्लक्षित प्राणी. त्याची खुबी एवढीच की मार खाऊन तो शंखात शिरतो आणि मग खाल्लेल्या मारातला थोडा परत करतो. लोक कसं खेळतात, तर प्राण्याला जखम झाली की त्याला मागे बोलावतात आणि ताज्या दमाचा पुढे करतात. वहिनी मागे बोलवायचीच नाही. जखमी शंखोबाला ती तसाच उभा ठेवायची, अगदी आता गेला, आता गेला असं वाटेपर्यंत, आणि समोरच्याने शेवटचा घाव जोरात घातला की तोच घाव त्याच्या अंगावर उलटायचा. मला बघवत नसे. मी म्हणायची, "अगं, बिचाऱ्याला आत घे ना!" ती म्हणायची, "थांब. अजून आहे त्याच्यात."

अशी ती जिंकत गेली. आणि एक दिवस तिने खालच्या पायरीची निवडफेरी मारली. आता वर्षातून एकदा सगळे खेळाडू एका मोठ्या सभागृहात जमतात, तिथे तिला शंखोबाला घेऊन अंतिम फेरी खेळायची होती. आणि पंच म्हणून स्टेजवर कोण असणार? फरशीकाका.

जेवताना दादा स्वतःच विषय काढू लागला, हे वहिनी मला दुसऱ्या दिवशी सांगायची. "कोण तो एक चालेल म्हणून आहे. खालच्या पायरीवर धुमाकूळ घालतोय."

"हो का? कसा खेळतो?" वहिनीने भात कालवत विचारलं होतं.

"बघू. अजून वाजवून नाही बघितला."

हे सांगताना तिचे गाल लाल झाले होते. मला आठवतंय, त्या दिवशी तिने माझ्या दुकानातला केर काढला, उगाचच, मी नको नको म्हणत असताना.

आणि मग पंचांचा निकाल आला. एखादा प्राणी आपल्या पायरीवर फारच जिंकू लागला तर त्याला वरच्या पायरीवर चढवायचं, असा नियम. पंचांत एक दातांची डॉक्टर होती, तरणी, तिखट. तिला सगळे दाढताई म्हणत. ती म्हणाली होती, "काका, शंखोबा एकाच माणसाच्या हातात जिंकतोय. बाकी कुणाच्याच नाही. तुम्ही प्राणी बघताय की माणूस?" दादाने सगळ्यांना वाचता येईल असा निकाल लिहिला. वहिनीने माझ्या दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून तो वाचला आणि यंत्र माझ्यापुढे धरलं.

"शंखोबा: माल एक नंबर. मधल्या पायरीवर चढवावा. खेळाडू म्हणाल तर नावाप्रमाणेच, चालेल. करामत सगळी प्राण्याची आहे."

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. काका, काय बोललात! काका, जबरदस्त!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एखाद्याची पायरी उतरवतात हे मी ऐकलं होतं; पायरी चढवून कुणाला असं मारलेलं पहिल्यांदा बघितलं. शंखोबा मधल्या पायरीवर गेला म्हणजे खालच्या अंतिम फेरीत तो नाही, आणि मधल्या पायरीवरचे दांडगट त्याला दोन घावांत संपवणार. वहिनीला "एक" मिळाला होता खरा, पण तो गोगलगायीला.

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. मी उसवून ठेवलेली गिऱ्हाइकाची पँट तिने मांडीवर घेतली, नीट घडी घातली, परत उलगडली आणि परत घडी घातली.

"मी आत्ता जाऊन सांगते त्याला," मी उठलेच.

"बस खाली," वहिनी म्हणाली. "ते म्हणतायत, चला म्हणून. सभागृहात. आम्ही तिथे काय करतो ते बघा तरी एकदा, असं म्हणतायत. तूही चल."

आणि आम्ही गेलो. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आम्हा दोघींना त्याने पुढून चौथ्या-पाचव्या रांगेत बसवलं, पाण्याची बाटली वहिनीच्या पिशवीत ठेवली, "कंटाळलात तर बाहेर कँटीन आहे," असं सांगितलं आणि स्टेजवर गेला. सभागृह म्हणजे खेळांचं मैदानच होतं, जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा, वर घड्याळाशेजारी गुणफलक. पोरं, पोरी, टक्कल पडलेले बाप्ये, सगळे आपापलं यंत्र छातीशी धरून. स्टेजवर दोन खुर्च्या, मधे टेबल, मागे मोठा पडदा. दादाच्या कॉलरला छोटा माइक लावला होता, तो त्याला अधूनमधून हात लावून बघत होता. माझा भाऊ एवढा खूश मी लग्नातही पाहिला नव्हता.

माइकवाल्याने विचारलं, "काका, यंदा सगळ्यात जास्त भांडण शंखोबावरून झालं. जरा समजावून सांगा."

दादाने समजावलं. फरशीची उपमा दिली. माल कसा वाजवून बघायचा, चांगल्या मालावर कुणीही बऱ्यापैकी काम करतो. आणि शेवटी तेच: "माल एक नंबर, कारागीर चालेल." सभागृह हसलं. माझ्या शेजारचा टकल्या तर मांडीवर थाप मारून हसला. वहिनीही हसली, तोंडाने. मी तिच्याकडे बघितलंच नाही. मला बघायची लाज वाटत होती, जणू मीच ते बोलले होते.

तेवढ्यात दाढताई उठली. "काका, वादच नको. शंखोबा तुम्ही घ्या. चालेल यांना उंबरठ्यावरचे प्राणी द्या, अगदी भिजपाखरू द्या. इथेच, सगळ्यांसमोर. माल की हात, कळेल."

भिजपाखरू म्हटल्यावर परत हशा. ते एक ओल्या पंखांचं पाखरू, उडता येत नाही, नुसतं पाणी उडवतं. दादाने मान तिरकी केली आणि मोठ्या मनाने म्हणाला, "चालेल."

"चालेल!" माइकवाला ओरडला. "ऐकलंत का? चालेल, आलात का आपण? असाल तिथून स्टेजवर या!"

सगळे माना वळवून बघू लागले. कोण आहे, कुठे आहे. वहिनी उठली. पिशवी खांद्याला लावली, माझ्या गुडघ्यांना धक्का देत रांगेतून बाहेर पडली आणि स्टेजच्या पायऱ्या चढू लागली. कुणी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. सगळे अजून तो चालेल शोधत होते.

दादाने तिला बघितलं. पुढे वाकला. हळूच बोलायचं म्हणून वाकला, पण माइक कॉलरला होता.

"अगं, तू कुठे वर आलीस? खाली बस. इथे खेळाडू बसणार आहे."

सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतून ते ऐकू आलं. हशा पिकला. वहिनी जागची हलली नाही. दादाचा चेहरा जरा तांबूस झाला, आणि त्याला वाटलं आपल्याला कळलं. "पाणी द्यायला आलीस का? नको आत्ता. जा, बस जा."

वहिनीने समोरची खुर्ची ओढली आणि बसली. पिशवीतून ते तडा गेलेलं यंत्र काढलं आणि त्याची तार तिथल्या माणसाच्या हातात दिली. मागच्या पडद्यावर एका बाजूला आलं, फरशीकाका. दुसऱ्या बाजूला आलं, चालेल.

हशा एकदम नाही थांबला. पुढच्या रांगा थांबल्या, मग मधल्या, मागची पोरं अजून हसतच होती, मग त्यांना कुणीतरी सांगितलं आणि तीही थांबली. दादा पडद्याकडे बघत होता. मग त्याने यंत्राच्या तडा गेलेल्या कोपऱ्याकडे बघितलं. तो तडा त्याला पाठ होता. त्याच्या मानेवरून लाली वर चढत कानापर्यंत गेली, आणि मला वाटलं, आता जमीन दुभंगून याला पोटात घेईल तर याच्यावर उपकार होतील. मी महिनाभर मनात शिव्या साठवून ठेवल्या होत्या त्याच्यासाठी. त्यातली एकही आठवेना.

खेळ झाला. म्हणजे व्हायलाच हवा होता, सगळे बघत होते. दादाकडे शंखोबा आणि आणखी दोन दणकट. वहिनीकडे भिजपाखरू आणि उंबरठ्यावरचेच दुसरे दोघे. पाखराने पाणी उडवलं, शंखोबाच्या शंखाला ओरखडा गेला. एवढासा ओरखडा. दादाने त्याला लगेच मागे बोलावलं. दुसरा पुढे केला. प्राणी मागे घेतला की समोरच्याला एक वार फुकट मिळतो. वहिनीने तो मारला. दुसऱ्याला ओरखडा. दादाने त्यालाही मागे बोलावलं. परत फुकट वार. मला खेळ फारसा कळत नाही, पण हे कळलं. हा माणूस आयुष्यभर तडा दिसला की फरशी बाजूला काढत आलाय, याला दुसरं काही सुचतच नाही. आणि समोर बसलेल्या बाईला हे त्याच्याहून चांगलं माहीत होतं. तिचं पाखरू पंख झडून, अर्धमेलं होऊन उभं होतं. तिने त्याला हलवलं नाही. शेवटी शंखोबा पडला तो त्या पाखराच्या हातून.

टाळ्या झाल्या. दाढताई शिट्टी वाजवत होती. माइकवाला म्हणाला, "काका, दोन शब्द?" दादाने तोंड उघडलं. त्याचा श्वास सगळ्या सभागृहाला ऐकू येत होता. "मी," तो म्हणाला. मग त्याने कॉलरचा माइक काढायचा प्रयत्न केला, तो निघेना, वहिनीने हात पुढे करून चिमटा सोडवला आणि टेबलावर ठेवला.

येताना बसमध्ये पिशवी दादाने मांडीवर घेतली होती. आमच्याकडे न बघता तो खिडकीबाहेर बघत होता. वहिनी माझ्याशी पडद्यांबद्दल बोलली, बेकरीतल्या नव्या मुलीबद्दल बोलली. मी हो हो म्हणत होते. तिला जिंकल्याचा आनंद झाला होता का, हे मी विचारलं नाही. तिला हवं होतं ते काही मिळालं नव्हतं, आणि आता कधी मिळण्यासारखंही राहिलं नव्हतं. आता दादा "एक" म्हणाला असता तर ते शरमेने म्हटलेलं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दादाने लिहिलं, शंखोबाला खाली आणा, चूक माझी आहे. पण एकदा चढवलेला प्राणी हंगाम संपेपर्यंत उतरवायचा नाही, असा नियम होता, आणि तो दादानेच आग्रह धरून करून घेतला होता. मग पंच म्हणून मला मोकळं करा, असं त्याने लिहिलं. दाढताईने उत्तर दिलं, "काका, बसा. आत्ता कुठे तुम्ही कामाचे झालात."

कारखान्यात मात्र त्याची सुटका नव्हती. कुणीतरी सभागृहातला तो प्रसंग टिपला होता आणि तो हातोहात फिरला. पट्ट्यावरची माणसं चहाला बसली आणि कुणी बाकावर टेकायला आलं की दुसरा म्हणायचा, "अगं, खाली बस, इथे खेळाडू बसणार आहे!" हसून हसून मुरकुंडी. दादा कपात बघत बसायचा. ते एक वेळ त्याने सोसलं असतं. पण फरशी समोर आली, टिचकी मारली, आवाज बरा, कोपरा किंचित उडालेला, आणि दादाच्या तोंडून शब्दच निघेना. फरशी पुढे सरकून गेली. पट्ट्यावरच्या माणसाने ओरडून विचारलं, "कुठे टाकू?" दादा म्हणाला, "दोन." "दोन म्हणजे काय? चालेल ना?" दादा म्हणाला, "दोन म्हटलं ना." तेव्हापासून तो दोनच म्हणतो. नव्या माणसांना वाटतं, पहिल्यापासून असंच आहे.

हे मला त्याने नाही, त्याच्यासोबत काम करणाऱ्या एकाने सांगितलं, शर्टाची बाही लहान करायला आला होता तेव्हा. तो हसत हसत सांगत होता. मी त्याची बाही जरा जास्तच लहान केली.

पुढच्या सुट्टीला मी दुपारी दादाकडे जेवायला गेले. वहिनीने वाढलं. दादाने घास घेतला.

"मीठ बरोबर आहे का हो?" तिने विचारलं. कुणीही विचारतं तसंच.

दादाचा घास तोंडातच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं. जन्मभर या प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर होतं, आणि आता तेही नव्हतं. तो शोधत राहिला. मोठा माणूस, केस पिकलेला, मिठासाठी शब्द शोधतोय. मला वाटलं उठून आत जावं.

"अहो, भात गार होतोय," वहिनी म्हणाली.

दादाने घास गिळला. मग ताटाकडेच बघत म्हणाला, "त्या दिवशी मामांच्या जिन्यात. तू ऐकलं होतंस?"

"ऐकलं होतं."

"मग हो कशी म्हणालीस?"

"मला कुणी विचारलं?" वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "तुम्ही चालेल म्हणालात. मामा म्हणाले, झालं, ठरलं. मी दारातच उभी होते."

दादाची मान आणखी खाली गेली. बराच वेळ तो भाताची शितं बोटाने एका जागी गोळा करत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "आता विचारतो. मी कसा आहे?"

वहिनीने डाव खाली ठेवला. हात पदराला पुसला. त्याच्याजवळ गेली, बोटाच्या पेराने त्याच्या कपाळावर टिचकी मारली आणि कान तिरका करून, अगदी त्याच्यासारखा, ऐकत राहिली. मला हसू येईना. दादा डोळे मिटून निकालाची वाट बघत बसला होता.

"तडा आहे," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला.